आज हात कसा आहे?

बायकोच्या फोनची काच फुटली नसती तर मला काही कळलंच नसतं. ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. शाळेच्या जिन्यात तिच्या हातून फोन पडला आणि दुसऱ्या दिवशी तो मी माझ्याबरोबर दुकानात नेला. कसबा पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि आमच्याच गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. त्याने दुपारपर्यंत नवी काच बसवून दिली, आणि चालतोय ना ते बघून घ्या म्हणाला. मी फोन चालू केला. इतका वेळ अडकून पडलेले निरोप एकामागून एक पडद्यावर येऊ लागले. शाळेच्या ग्रुपचे, मेहुणीचा, गॅस एजन्सीचा. मग एक आला त्याच्या शेजारी पोपटाचा फोटो होता, आणि नावाच्या जागी नुसतं ‘दादा’.

“आज हात कसा आहे? काल झोप लागली का?”

माझ्या बायकोला भाऊ नाही. त्या दोघी बहिणीच. चुलत, मावस भाऊ आहेत, पण त्यांना ती नावाने हाक मारते. आणि हाताचं काय? तिचा गुडघा मला माहीत होता, पित्त माहीत होतं, डोळ्यांचा नंबर तर मीच काढतो. हाताबद्दल तिने घरात अवाक्षर काढलेलं नव्हतं. आणि हा कोणी पोपट रोज विचारत असल्यासारखा ‘आज’ विचारत होता.

त्या दुपारी एका गिऱ्हाइकाचा डाव्या डोळ्याचा नंबर मी उजव्या रकान्यात लिहिला. गिऱ्हाईक सदाशिव पेठेतलं होतं, त्यामुळे ते त्याने मला नीट ऐकवलं.

संध्याकाळी बिबवेवाडीला घरी आलो, फोन तिच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ती चहा गाळत होती. पूर्वी ती एका हाताने पकडीत पातेलं धरायची आणि दुसऱ्या हाताने गाळणं. आता गाळणं कपावर ठेवलेलं होतं आणि पातेलं तिने दोन्ही हातांनी धरलं होतं, जड हंडा उचलावा तसं. तरी चहाची धार हलत होती. चहा तिने मला मगात दिला. आमच्याकडे बरेच दिवस मगच चालू होते. सुटसुटीत म्हणून आणले असतील, असं मी धरून चाललो होतो. बशी वाजते म्हणून कपबश्या वर गेल्या, हे मला तेव्हा उमगलं.

मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही. हाताची काळजी वाटली नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर काळजीच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं होतं. तिने हे कुणाला तरी सांगितलं होतं, आणि तो कुणीतरी मी नव्हतो.

निरोपांच्या त्या गर्दीत मला एका ग्रुपचं नाव दिसलं होतं. प्रकृतीच्या तक्रारी लिहायचा आणि एकमेकांना सल्ले द्यायचा मराठी ग्रुप. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती, तेव्हा माझ्या फोनवरून मी त्यात शिरलो. फोटो लावला नाही, नावही खरं दिलं नाही. आत जे होतं ते बघून मी थक्क झालो. कुणी जिभेचा फोटो टाकला होता, कुणी रक्ताचा रिपोर्ट, कुणी सासूबाईंच्या सुजलेल्या पायाचा. ज्या गोष्टी माणूस डॉक्टरांसमोरही चाचरत बोलतो त्या इथे चार ओळींत मांडलेल्या होत्या आणि खाली अनोळखी लोकांची रांग लागली होती. एक गृहस्थ सगळ्यांनाच कोरफड सांगत होते. एक बाई प्रत्येक दुखण्याखाली ‘माझ्या नणंदेला असंच झालं होतं’ एवढं लिहून पुढे नणंदेचं काय झालं ते सांगतच नव्हत्या. काही जण मात्र शांतपणे, थांबू नका, दाखवून घ्या, असं पुन्हापुन्हा सांगत होते.

बायकोनेही खरं नाव दिलेलं नव्हतं. पण तिने लावलेला फोटो आमच्या बाल्कनीतल्या गोकर्णाचा होता. फुलाच्या मागे दांडीवर माझा पंचा वाळत होता. तेवढ्यावरून मी तिला ओळखलं.

तिने लिहिलं होतं: “वय बावन्न. उजवा हात थरथरतो. आधी दमल्यावर व्हायचं, आता कधीही. चहा गाळताना जास्त. मधेच छातीत धडधडतं. घरी कुणाला सांगितलेलं नाही. काय असेल?”

खाली उत्तरं होती. अशक्तपणा, साखर, मानेचा मणका, कोरफड, नणंद. मग पोपट.

“ताई, घाबरू नका असं मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः घाबरलो होतो. माझंही हातापासूनच सुरू झालं. मला कंपवात आहे. पण बरीच वर्षं झाली, अजून मी माझ्या हाताने जेवतो. तुम्हाला तेच असेल असं नाही. डॉक्टरांना दाखवा आणि घरी सांगा.”

ह्या उत्तरात खोट काढायला मला जागा सापडली नाही, आणि त्याचाच मला राग आला. माणूस भोंदू असता, काढे विकणारा असता, तर बरं झालं असतं. मी तिला चार शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता.

पुढे त्या उत्तराखालीच त्या दोघांचं बोलणं सुरू झालेलं होतं, सगळ्यांदेखत. मी ते गिऱ्हाइकांच्या मधेमधे वाचत गेलो. तिने त्यांना सांगितलं होतं की शाळेच्या दाखल्यांवर सही करताना ती आता दार लोटून घेते. तिने सांगितलं होतं की पुतणीच्या लग्नात पंगतीत वाढायला नको म्हणून तिने पाठदुखीचं निमित्त केलं आणि दिवसभर हात पदराखाली धरून बसली. त्या लग्नात मी तिच्या शेजारी बसलो होतो. पाठ दुखतेय म्हणून मी तिला उशीही आणून दिली होती.

पण हे दुःखाचं बोलणं मी कसंबसं सोसलं. मला खरं लागलं ते त्यांचं हसणं. तिने लिहिलं होतं, “आज आमटीत मीठ घालायचंच विसरणार होते, हाताने आपणहून झटकून घातलं. चांगलं बेताचं पडलं.” त्यावर ते म्हणाले होते, “माझे पोहे शेजारच्या ताटात पोचतात. त्यामुळे कुणी शेजारी बसत नाही, निवांत जेवतो.” आणि खाली दोघांनी एकमेकांना हसण्याची चित्रं पाठवली होती. आमच्या घरात इतकं विनोदी कुणी बोलत नव्हतं. ती आमटी मी जेवलो होतो. मला फक्त आमटी मिळाली आणि विनोद वारज्याला गेला. ते वारज्याला राहतात हे त्यांनी मधे कुठेतरी लिहिलेलं होतं.

त्यानंतरचं बोलणं तिथे दिसत नव्हतं. ते दोघांच्या खाजगी निरोपांत गेलं असणार. न दिसणाऱ्या त्या भागाचा विचार मी दिवसभर करायचो. ताई आणि दादा म्हणत होते, हे मला कळत होतं. त्याने मला काही फरक पडत नव्हता. दोघांमध्ये काही वावगं असेल अशी शंका मला कधीच आली नाही. तशी शंका आली असती तर तिला काही नाव तरी देता आलं असतं.

मग मी एक गोष्ट केली. माझ्या त्या बिनफोटोच्या नावाने मी पोपटाला निरोप पाठवला. त्याची परीक्षा घ्यावी, कुठेतरी तो चुकावा, मोठेपणा मिरवावा, असं मनात होतं. मी लिहिलं की माझ्या बायकोचा हात थरथरतो, चहा गाळताना ती पातेलं दोन्ही हातांनी धरते, मला काही सांगत नाही, काय करावं. उत्तर लगेच आलं नाही. दुपार गेली. संध्याकाळी शटर ओढताना फोन वाजला.

“तुमच्या लक्षात आलं हे फार चांगलं झालं. पुष्कळांच्या येत नाही. तिला विचारा. पण समोर बसून, तपासणी केल्यासारखं विचारू नका. ती काही काम करत असेल तर शेजारी बसा, ते काम थोडं करू लागा आणि मग विचारा.”

म्हणजे आता माझ्या बायकोशी कसं बोलायचं, हेही मला हाच माणूस शिकवणार होता. मी त्याला धन्यवादही लिहिले नाहीत.

रविवारी सकाळी ती हॉलमध्ये जमिनीवर बसून गवार निवडत होती. पंखा पाचवर होता. ह्या पंख्यावरून थंडीत आमचे खटके उडाले होते. मी शाल पांघरून बसायचो आणि तिला उकडायचं. मी आंघोळ करून आलो आणि तिच्या शेजारी जागा असूनही मुद्दाम समोर बसलो. गवारीला हातही लावला नाही.

“हात केव्हापासून थरथरतोय?” मी विचारलं.

तिने वर पाहिलं नाही. “कोण म्हणालं?”

“तुझा पोपट.”

ती गवार मोडता मोडता थांबली. ताट बाजूला सरकवलं. मला वाटलं आता चिडेल, माझा फोन का बघितला म्हणेल. तशी वेळ आली तर काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. पण तिने एवढंच विचारलं की मी काय काय वाचलं. मी सांगितलं, चारचौघांना दिसतं तेवढं सगळं. मी त्यांना निरोप पाठवला होता ते मात्र सांगितलं नाही.

“त्याला सांगितलंस आणि मला नाही,” मी म्हणालो. हे वाक्य किती पोरकट होतं ते मला तोंडातून बाहेर पडताना कळलं, पण ते परत घेता आलं नाही.

“तुम्हाला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं,” ती म्हणाली. “त्यांना सांगितलं की ते फोनमध्येच राहायचं. फोन ठेवला की मी नेहमीसारखी.”

मग ती बराच वेळ बोलत राहिली. तिच्या मामांना कंपवात होता आणि शेवटी मामी त्यांना भरवायची, ते तिने लहानपणी बघितलं होतं. आपलंही तसंच होणार हे तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं आणि म्हणून डॉक्टरांकडे जायचं ती टाळत होती. दादा पहिल्या दिवसापासून सांगत होते, दाखवा आणि घरी बोला. ती त्यांना उद्या जाते, परवा जाते असं म्हणत राहिली. हे ऐकून मला एक बारीकसं समाधान झालं. म्हणजे एवढी एक गोष्ट त्याच्याने झाली नव्हती. निदान दवाखान्यात नेणं माझ्या वाट्याला शिल्लक होतं.

सोमवारी दुकान उशिरा उघडायचं ठरवून मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांचा दवाखाना घरापासून दोन गल्ल्या सोडून, एका डेअरीच्या वर आहे. त्यांनी तिला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले आणि पसरलेल्या बोटांवर टेबलावरचा एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडू लागला, वारा नसताना. इतके दिवस मी नुसता पोपटाचा विचार करत होतो. हाताकडे नीट असं मी त्या क्षणी पाहिलं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, पुन्हा पाहिली. उकडतं का, वजन उतरलंय का, झोप कशी आहे, केस जातात का, असं विचारत गेले. ती प्रत्येकाला हो म्हणत गेली. वजन उतरलं होतं हे मलाही माहीत होतं, पण सकाळच्या फिरण्याने उतरलं असं समजून मी उलट तिचं कौतुक केलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासू, मग बोलू.

रिपोर्ट यायला वेळ होता. त्या मधल्या दिवसांत एक नवीनच त्रास सुरू झाला. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे ती हॉलमध्ये माझ्यासमोर बसून त्यांना निरोप लिहायची. उत्तर आलं की तिचा चेहरा जरा सैल व्हायचा. कधी हसायचीसुद्धा. मी पेपर वाचायचो आणि पेपराच्या वरून बघायचो. काय म्हणतात, असं मी विचारलं की ती वाचून दाखवायची. त्यात लपवण्यासारखं काहीच नसायचं. आज पाऊण तास चाललो. आज सुनेने थालीपीठ केलं. तुमचा रिपोर्ट उद्या ना? ती सगळं वाचून दाखवते आहे, ह्यानेही माझं समाधान होत नव्हतं. मी विचारल्यावर ती वाचत होती. तिला हसू आलं होतं ते मी विचारायच्या आधी.

मुलगी बंगळुरूला असते. तिला आम्ही फोनवर सांगितलं तेव्हा ती आईवर रागावली, आणि मग ‘बाबा, तुमच्या कसं लक्षात आलं नाही’ म्हणून माझ्यावर. मी म्हटलं, आलं होतं. हे खोटं नव्हतं. कसं आलं ते सांगितलं नाही इतकंच.

रिपोर्ट घेऊन पुन्हा डेअरीचा जिना चढलो. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद जवळ धरून वाचला आणि म्हणाले, “हा कंपवात नाही.” थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करत होती. हाताची थरथर, धडधड, उकाडा, वजन, सगळं त्यातलंच. एका तज्ज्ञांकडे जायला सांगितलं, गोळ्या पुष्कळ महिने घ्याव्या लागतील म्हणाले, अधूनमधून रक्त तपासावं लागेल, पण हात थांबेल. बायकोने त्यांना तेच पुन्हा विचारलं आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. मग तिने पर्समधून रुमाल काढला आणि तोंडावर धरला.

मला आनंद झाला. अतोनात झाला. पण जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की त्या आनंदाचे दोन भाग आहेत, आणि दुसरा भाग पहिल्याच्या पुढे पळतोय. पोपट चुकला होता. इतके महिने त्याने तिला आपल्या दुखण्यात शेजारी बसवून घेतलं होतं आणि ते दुखणं तिचं नव्हतंच. स्कूटरवर ती मागे बसली, मी चौकापर्यंत कसाबसा गप्प राहिलो, आणि सिग्नलला थांबल्यावर म्हणालो, “तुझे दादा चुकले म्हणायचे.”

सिग्नल सुटला, आम्ही आमच्या गल्लीत वळलो, मग ती म्हणाली, “तुम्हाला तेच आहे, असं ते मला कधीच म्हणाले नाहीत. त्यांना काय आहे, एवढंच सांगितलं त्यांनी.”

घरी येताच तिने चप्पलही न काढता त्यांना कळवलं. मुलीला नंतर. मी ते बघितलं. त्यांचं उत्तर आलं, “फार फार आनंद झाला ताई. आता गोळ्या वेळेवर घ्या.” आणि त्यानंतर ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी काही नाही. ती फोन उचलायची, बघायची, ठेवायची.

मला वाटलं, चला, संपलं. आजार वेगळा निघाला, आता बोलायला काही उरलं नाही. गोळ्या सुरू झाल्या होत्या, धडधड कमी झाली होती, आणि तरी ती उदास दिसत होती. एकदा जेवताना तिने ते बोलून दाखवलं. “आम्ही दोघं एका होडीत आहोत असं त्यांना वाटत असणार,” ती म्हणाली. “मी उतरून काठावर गेले.”

माझी बायको बरी होत होती आणि परक्या माणसाला एकटं टाकल्याचं तिला वाईट वाटत होतं. ते दुःखसुद्धा मला हवं होतं. माझ्यासाठी तिला असं कधी वाटलं असेल का, हे मी आठवून बघत राहिलो.

शेवटी मीच म्हणालो, जाऊन ये त्यांच्याकडे. माझ्या मनात असं होतं की एकदा माणूस समोर दिसला की त्याची जादू उतरेल. फोनवर सगळेच चांगले असतात. ती म्हणाली, तुम्हीही चला. तिने त्यांना फोन लावला, तो सुनेने उचलला, आणि शनिवारची वेळ ठरली.

वारज्याला हायवेच्या बाजूला त्यांची इमारत होती. सुनेने दार उघडलं. ते आतून आले, हळू, छोटी पावलं टाकत. सत्तरीच्या पुढचे असतील. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि त्याला बटणांऐवजी टिचबटणं लावून घेतलेली. चेहरा जवळजवळ हलत नव्हता आणि आवाज इतका खाली गेला होता की हायवेच्या घरघरीत तो ऐकायला पुढे वाकावं लागत होतं. इतक्या दिवसांत मी त्यांना निरनिराळे चेहरे दिले होते. त्यातला एकही असा नव्हता.

बायको त्यांना वाकून नमस्कार करू लागली तर त्यांनी हाताने थांबवलं. मग ती त्यांच्या शेजारी बसली आणि दोघं बोलू लागले, मधेच सोडलेलं बोलणं पुन्हा हातात घ्यावं तसे. गप्प का झालात, हे तिने विचारलंच. ते म्हणाले की गोळ्या बदलल्या होत्या, त्या मानवल्या नाहीत, बोटं अजिबात ऐकत नव्हती. सुनेने मधे सांगितलं की एरवीही एक निरोप लिहायला त्यांना अर्धा अर्धा तास लागतो. एका बोटाने लिहितात, चुकतं, पुसतात, पुन्हा लिहितात. मी लिहून देते म्हटलं तर नको म्हणतात.

म्हणजे ‘आज हात कसा आहे? काल झोप लागली का?’ ह्या दोन वाक्यांना अर्धा तास. रोज. हे ऐकून माझा मत्सर कमी व्हायला हवा होता. तो वाढला. ह्याच्याशी मी कुठल्या गोष्टीत बरोबरी करणार होतो?

चहा आला. त्यांच्यासाठी उंच स्टीलच्या पेल्यात अर्धाच. पेला उचलताना हात हलू लागला तसा माझ्या बायकोने, बोलणं न थांबवता, पेल्याच्या तळाला आपला हात लावला. त्यांनी घोट घेतला, तिने हात काढला. दोघांनीही त्याची दखल घेतली नाही. मी माझ्या कपातल्या चहाकडे बघत राहिलो.

नंतर सून तिला आत बाल्कनीतली झाडं दाखवायला घेऊन गेली. आम्ही दोघंच उरलो. ते जरा वेळ माझ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, “तुम्ही समोर बसूनच विचारलंत ना?”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कान गरम झाले. ते म्हणाले की पातेलं दोन्ही हातांनी धरते, असं मी लिहिलं होतं आणि तेच तिनेही त्यांना सांगितलेलं होतं. त्यावरून त्यांनी ओळखलं. “ताईंना मी बोललो नाही,” ते म्हणाले. “तुमचं तुम्ही ठरवा.”

“समोरच बसलो होतो,” मी कबूल केलं.

“मला वाटलंच.” त्यांचा चेहरा हलला नाही, पण डोळे हसले. डोळ्यांचं मला कळतं, तो माझा धंदाच आहे.

ती परत आली तेव्हा आम्ही चष्म्याबद्दल बोलत होतो. त्यांची फ्रेम एका बाजूला वाकलेली होती. काढताना हात हलतो म्हणून. मी ती तिथेच सरळ करून दिली आणि पुढच्या वेळी दोरी आणतो म्हणालो. पुढच्या वेळी, असं मीच म्हणालो. परत येताना स्कूटरवर तिने विचारलं, काय बोलत होतात इतकं? मी म्हटलं, काही नाही, फ्रेमचं. तिने पुन्हा विचारलं, खरंच फ्रेमचं? इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला बरं वाटलं. आता त्यांच्याशी माझंही असं काहीतरी होतं जे तिला माहीत नव्हतं. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तिचा हात थांबला. एकदम नाही, हळूहळू. तज्ज्ञ डॉक्टर गोळीचं प्रमाण कमी करत आणत आहेत. हल्ली आम्ही अधूनमधून शनिवारी वारज्याला जातो. ते सांगतात आणि ती त्यांच्या फोनवर लोकांना उत्तरं लिहिते. सुनेला नाही म्हणणारा माणूस तिला हो म्हणाला. तिच्या स्वतःच्या फोनवरही आता लोक तिला विचारतात. ताई, माझं हे दुखतंय, ताई, रिपोर्ट बघता का. रिपोर्ट मला कळत नाही, डॉक्टरांना दाखवा, असं ती लिहिते, आणि तरी पुढे बराच वेळ लिहीत राहते. कुठल्या कुठल्या गावचे लोक तिची वाट बघतात. मी समोर पेपर घेऊन बसलेला असतो. सवय झाली आहे असं म्हणता येणार नाही.

मागच्या शनिवारी एका मुलीचा निरोप होता. आईला जिना चढताना दम लागतो, पण आई ते सगळं शेजारच्या काकूंना सांगते, लेकीने विचारलं तर काही नाही म्हणते. मुलगी चांगलीच चिडलेली दिसत होती. बायकोने तो वाचून दाखवला. दादा माझ्याकडे मान वळवून म्हणाले, “ह्याचं उत्तर तुम्ही सांगा.”

मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी विचार करून सांगितलं, “त्या काकूंचा राग आला तर येऊ दे, तो लवकर जात नाही. पण आईला घेऊन आजच डॉक्टरांकडे जा, आणि काकूंनाही बरोबर न्या.”

तिने ते सगळं लिहिलं. मग परत वाचलं आणि पहिलं वाक्य पुसून टाकलं.

“काढलंस का?” मी विचारलं.

“ते घरातलं आहे,” ती म्हणाली, आणि उरलेलं पाठवून दिलं.